एकाच आठवड्यातल्या दोघी

आरांका चोंकोव्हाची फाईल
दोन्ही हातांनी उचलावी लागते.
माझी, त्याच कपाटातली, दोन बोटांत मावते.
आम्ही एकाच आठवड्यात जन्मलो, तात्राच्या पायथ्याशी, याच दवाखान्यात.
तिची आई व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत होती,
जिथला हीटर दुरुस्त व्हायचा होता.

पहिलं पान : एक किलो नऊशे.
मग खोकला. खोकला. परत खोकला.
भिंतीच्या ओलीबद्दल कुणी लिहिलेलं नाही.
मग कावीळ, त्या उन्हाळ्यातली
जेव्हा पालिकेनं वस्तीचा एकुलता एक नळ बंद केला
आणि बायका ओढ्यावर जाऊ लागल्या.
ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव.
आम्ही त्यात काय सोडायचो, मला माहीत आहे.

सातव्या वर्षी : मंदबुद्धी, वेगळ्या शाळेत घालावे.
परीक्षा स्लोव्हाकमध्ये होती.
चित्रातल्या घोड्याला तिनं घोडाच म्हटलं होतं,
रोमानीत.

सतरा, बाळंतपण. एकोणीस, बाळंतपण.
तेवीस, बाळंतपण आणि शस्त्रक्रिया.
सहीच्या जागी सही आहे,
कळांच्या मधोमध घेतलेली, ओळीखाली घसरलेली.
त्यानंतर बाळंतपण नाही.

रक्तदाब. साखर. छातीचा फोटो, पांढुरका.
'वेळेवर आली नाही' असं अकरा वेळा.
वस्तीच्या फाट्यावर बस थांबत नाही
हे लिहायला रकानाच नाही.

लोक म्हणतात, त्यांच्या पाचवीलाच पुजलंय.
कपाळावरचं मला वाचता येत नाही.
मी बावीस वर्षं फक्त कपाट सांभाळते.
फाईलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक 'र' आहे,
त्यांच्या सगळ्यांच्याच फाईलींवर असतो,
आणि त्याची लांबलेली शेपटी
माझ्या हातची आहे.

परवा ती आली. नव्या डॉक्टरांनी वय विचारलं.
"एक्कावन्न."
"आजी, नीट आठवून सांगा."
मी म्हणाले, बरोबर आहे, मीही एक्कावन्नच.
ते माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.
ती हसली, चार दातांनी,
हसता हसता खोकली,
आणि बाकावरच्या बाई
पर्स उचलून पलीकडे सरकल्या.

तिच्या कडेवर नात होती, निकोलेता, आठ दिवसांची.
नवी फाईल काढली. कोपरा कोरा ठेवला.
पेन्सिल अजून कानामागे आहे.
वजन : दोन किलो शंभर.
म्हणजे एक्कावन्न वर्षांत
दोनशे ग्रॅम.