अकरा चढली, अकरा उतरली

व्हॅनमधली पोरं मी डोळ्यांनी मोजत नाही,
आवाजानं मोजतो.
जेल रोडची तिघं भांडतच चढतात,
उपनगर नाक्याची जुळी एकच पाढा दोन चालींत म्हणतात,
आणि दसकचा सुमेध गांगुर्डे
माझ्या हॉर्नची नक्कल करायचा, अशी हुबेहूब
की द्वारकेला एकदा टँकरवाला खरंच बाजूला झाला.

दिवाळीनंतर हिशेब लागेना.
अकरा चढली, अकरा उतरली,
तरी गाडीत दहाच असल्यासारखं वाटे.

रडला असता तर लगेच कळलं असतं;
रडणाऱ्यांसाठी डॅशबोर्डात लिमलेटच्या गोळ्या असतात माझ्या.
हा चिडायचा. बूट बांध म्हटलं की चिडायचा,
दप्तर सरकव म्हटलं की चिडायचा,
मग काचेला कपाळ टेकून बसायचा.
थंडीत काचेवर श्वासाचा गोल डाग
आणि त्यात बोटानं काहीच काढलेलं नाही.

डबा परत जाताना सकाळइतकाच जड.
सोमवारी पोट दुखे, मग मंगळवारी, मग रोज.
आई प्रेसमध्ये पहिल्या पाळीला. म्हणाली,
"नाटकं हो काका, शाळा बुडवायची."
मी हसलो.
लिहून ठेवतो, की मीही हसलो.

डिसेंबरात एके दिवशी त्यानं आपले सातही बेब्लेड
जुळ्यांना वाटून टाकले.
"तुला नकोत?"
"मला आता लागणार नाहीत,"
म्हाताऱ्या बाईनं किल्ल्या सुनेच्या हातात द्याव्यात
इतक्या शांतपणे.
नऊ वर्षांचं पोर.

मी गाडी बंद केली, त्यांच्या जिन्यात बसून राहिलो,
पाळी सुटेपर्यंत.
बेब्लेडचं सांगितलं. काचेचं सांगितलं.
"तुम्ही व्हॅन चालवा," ती म्हणाली,
आणि कुलपात किल्ली तशीच ठेवून थांबली.
"परवा विचारत होता,
मी नसलो तर तुला ओव्हरटाइम करावा लागणार नाही ना?"

शरणपूर रोड, दुसरा मजला, मुलांच्या मनाच्या डॉक्टर.
मीच नेलं त्या संध्याकाळी.
बाकावरचे एक आजोबा म्हणाले, बाहेरचं काही असेल, बघा.
आत बाईंनी त्याला सरळच विचारलं,
मरावंसं वाटतं का रे?
आई दचकली.
विचारल्यानं ते येत नाही, बाई म्हणाल्या,
आलेलंच असतं. विचारलं की पोर त्याच्यासोबत एकटं राहत नाही.
आजार म्हणा याला. तापाला म्हणता तसं.

तेव्हापासून दर गुरुवारी तासभर.
वाळू, रंग, बोलणं, बरंचसं न बोलणं.
बाई शाळेतही जाऊन आल्या.
जानेवारी तसाच गेला. फेब्रुवारीत अर्धा डबा संपला,
पुढच्या आठवड्यात पुन्हा भरलेला.

काल गांधीनगरला मागून आवाज आला,
"काका, तुमचा हॉर्न बसलाय. म्हशीला खोकला झाल्यासारखा."
जुळी खिदळली. तो हसला नाही.
उतरल्यावर पाहिलं, काचेवरच्या डागात
एक रेघ होती. वाकडी, अर्धवट.

मी पुसली नाही.
आणि पोरं अजून रोज दोनदा मोजतो.