तेवीस नंबर

हडर्सफील्डचं इस्पितळ, तळमजला, खोली सात.
दोन खुर्च्यांच्या मधली खुर्ची माझी.
तासाला बावीस पौंड, बसभाडं वेगळं.
मराठीसाठी इथे महिन्यातून एखादाच फोन येतो,
उरलेले दिवस मी हिंदीवर काढते.

डॉक्टर सायक्स फाइल उघडून म्हणतात,
रक्त फाइन आहे.
मी सांगते, रक्त ठीक आहे, काका.
अंबादास म्याकल, वय एकाहत्तर,
सोलापूरहून लेकीकडे येऊन तीन वर्षं झालेली,
मानेवर लिंबाएवढी गाठ.
म्हणतात, ठीक म्हंजे? चांगलं न्हाई व्हय?

आता काय सांगू.
ठीक हे मास्तर वहीत लिहायचे,
नापासाच्या एक पायरी वर.
बरं म्हणावं तर आधी काही बिघडलेलं असावं लागतं.
उत्तम म्हणायची माझी छाती नाही.

सात वर्षांत या एका शब्दाने
मला जेवढा घाम फोडला
तेवढा मूत्रपिंडानेही नाही.
बसस्टॉपवर फाइन म्हणजे आज पाऊस नाही.
चहा घेणार का, तर फाइन म्हणजे नको.
पहिल्या हिवाळ्यात एकीला मी तरीही कप दिला,
तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं.
नवरा दार ओढून घेताना फाइन म्हणतो
त्याच्या भाषांतराचे मी पैसे लावत नाही.

एका रात्री जाडा कोश काढून बघितलं.
सुंदर, तलम, निरोगी, दंड,
सगळे एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले,
आणि तळाशी लॅटिन शब्द.
त्याचा अर्थ शेवट.
हे मी खोली सातमध्ये कधी बोलत नाही.

डॉक्टर म्हणतात, गाठीतलं थोडं काढून तपासू,
सुई फाइन असते.
बारीक, मी म्हणते. या वेळी अडत नाही.

काका इतका वेळ इस्पितळाच्या झग्याची कड
चिमटीत धरून चोळत होते.
जाडंभरडं, पॉलिस्टर मिसळलंय, असं स्वतःशीच.
आता ताठ बसतात.
किती नंबरची हाय, इचारा की ओ.

मी विचारते.
डॉक्टर थांबतात. हे त्यांना कुणी विचारलं नसावं.
तेवीस, म्हणतात. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.
मी मराठीत वाक्य पुरं करायच्या आत
काकांनी मांडीवर थाप मारलेली.
सुताचं बी तसंच!
धा नंबर चादरीला, ऐंशी नंबर धोतराला.
चाळीस वर्सं माग चालवला, मला सांगता?

डॉक्टरांची आई लाँगवूडच्या गिरणीत होती.
विणून उतरलेलं लोकरीचं कापड उजेडात टांगायचं
आणि डोळ्यांआधी बोटांनी
तुटका धागा शोधायचा, एवढंच काम.
हे मी काकांना सांगितलं.
काकांनी विचारलं, दिवसाला किती वार?
ते डॉक्टरांना माहीत नव्हतं.
त्यांनी हातमोजा काढला,
उघड्या बोटांनी गाठ पुन्हा एकदा चाचपली.
दोघंही गप्प.
मला त्या मिनिटाचेही पैसे मिळाले.

बाहेर लेकीच्या गाडीच्या काचेवर पिवळं पाकीट.
फाइन, ती कपाळाला हात लावून म्हणाली,
पस्तीस पौंड!
काका माझ्याकडे वळले. ह्ये बी फाइनच?
हो काका. दंड.
पाकीट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केलं.
बारीक न्हाई वाटत.

निकालाच्या दिवशी दुसरी दुभाषी होती.
आम्हाला मागाहून काही कळवत नाहीत,
आणि विचारायचं नसतं.
तीनशे एक नंबरच्या बसमध्ये, खिडकीशी,
मी कधीकधी कोटाची बाही चिमटीत धरते,
चोळून बघते.
मला नंबर सांगता येत नाही.