खालून

केरबानाना शिरोलीच्या फौंड्रीत
कास्टिंग हातोडीनं वाजवून बघायचे.
टण्ण आलं तर पास.
ठद्द आलं तर खडूची फुली :
आत कुठंतरी पोकळी आहे,
वरून कितीही ग्राइंडिंग करा.
पगार तपासनिसाचा,
कान मात्र नौदलाचा.

बारा वर्षं बोटीच्या पोटात,
डोक्याला हेडफोन, समोर फिरणारी हिरवी रेघ.
कोळंबीचा तडतडाट, माशांच्या झुंडी,
लांबच्या मालवाहू बोटीचा दमेकरी पंखा,
आणि या सगळ्याखाली
जे ऐकू येत नाही ते ऐकायची नोकरी.
"लोकास्नी वाटतंय समुद्र गप असतोय.
खासबागेत निकाली कुस्तीला जेवढा कालवा,
तेवढा खाली रोज."

बोट केवढी होती विचारलं
तर हात पसरायचे नाहीत.
"भवानी मंडपाच्या कमानीतनं निघायचं,
बिंदू चौकाच्या निम्म्या वाटंपर्यंत बोटच.
दोनशे सत्तर माणसं, एक न्हावी,
पाव भाजायची भट्टी,
आणि पितळी नाव, रोज घासून लख्ख."
तोफा वर. रडार वर.
झेंडा तर सगळ्यात वर.
"आणि खाली?"
"खाली पोट, बाळ.
पोटाला काय असतंय? पत्रा."

एकदा मैदानात दाखवलं त्यांनी मला :
उत्तरेकडचा एक पैलवान, सव्वाशे किलोचा,
शड्डू ठोकला की वरच्या पायरीवरची कबुतरं उडायची.
समोर राधानगरीकडचं पोरगं, अंगानं काटकुळं.
शड्डू नाही, आरोळी नाही,
मातीला हात लावला आणि तसंच खाली राहिलं,
उठलंच नाही वर.
पट निघाला तेव्हा
मोठ्यानं एवढंच पाहिलं की आभाळ समोर आलंय.
शिट्ट्या वाजायला मैदानाला
एका श्वासाचा उशीर झाला.
नाना टाळ्या वाजवत नव्हते.

त्यांच्या बोटीवर लढाई कधी आलीच नाही.
सराव होता, वैशाखातला.
त्या दिवसांत पाण्याचे थर पडतात,
पंचगंगेत घाटावर उतरलं
की गुडघ्याला कोमट आणि घोट्याला गार, तसे.
आवाज त्या शिवेवर वाकतो,
वाकलेल्या आवाजाआड पाणबुडी मुक्काम टाकते.
तीन वाजून पंचवीस मिनिटांनी काहीतरी होतं,
शिवणयंत्र लांबच्या खोलीत चालावं तसं.
नानांनी वहीत लिहिलं : मासे. शंका.
शंकेवर एकदा पेन्सिल फिरवली,
आणि चहा आला.

मग डावीकडं पाण्यातनं एक हिरवा फटाका वर गेला.
आपल्यांचीच पाणबुडी. आपल्यांचाच निरोप :
तुम्ही सात मिनिटांपूर्वी बुडालात.
कप्तान हसले. सगळे हसले.
दुपारी कागदावर मेलेली दोनशे सत्तर माणसं
राजमा-भात खायला रांगेत उभी.
नाना ताट धरून मोजत राहिले :
न्हावी मंगेश. भट्टीवरचा थॉमस.
कालच बाप झालेला लोखंडे.
"मीठ कमी आहे," थॉमस म्हणाला.

रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो की
नाना नंदीची गोष्ट काढायचे.
रोज गव्हाएवढा पुढं, तांदळाएवढा मागं,
तळ्याला पोचला की जग बुडणार म्हणतात.
"जाताना दिसतोय का कुणाला?" विचारायचे,
आणि भेळेतला कांदा बाजूला काढायचे.

यंदा फौंड्रीला मोठी ऑर्डर आली,
नव्या युद्धनौकेच्या पंपाचं आवरण.
ती म्हणे जुनीच्या दुप्पट लांब.
मालकांनी नारळ फोडला, हार घातला कास्टिंगला.
नानांनी हातोडी मारली. टण्ण.
परत मारली. टण्ण.
खडू हातात, बरोबरची खूण करायला उचललेला.

"जरा भट्टीचा पंखा बंद करा."
केला.
"त्यो कंप्रेसर."
तोही.
"आता कुणी बोलू नका."
मालकांच्या हातात
पेढ्यांचं ताट तसंच.