एका कडीचा

जुना अ‍ॅम्प चौतीस किलोचा.
भुसावळच्या पार्सल ऑफिसात एलियासने एकदा
गंमत म्हणून काट्यावर ठेवला,
तर काटेवाल्याने वही उघडून विचारलं, कुठं पाठवायचाय?
कुठंच नाही. वर.
इन्स्टिट्यूटच्या हॉलपर्यंत एकोणचाळीस पायऱ्या,
डावी कडी त्याची, उजवी माझी,
वळणावर एक श्वास.

मार्चात त्याची बदली झाली इटारसीला.
गिटारवर आता एक पोरगा आहे, हात गोड आहे त्याचा,
पण उचलायची वेळ आली की म्हणतो,
काकू, माझी नखं.

म्हणून मे महिन्यात, भर बारा वाजता,
मी जळगावात, मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर,
आणि टेकचंदानी मला वॉट सांगतायत.
शंभर. दोनशे. हे पाचशे, मॅडम, नारळाएवढं डोकं.
मी विचारते, किलो?
ते पुन्हा वॉट सांगतात.
मी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, शेठ.
पाकिटावर पाचशे लिहिलं म्हणून
सगळ्यांना लागू पडत नाही.

बिलाच्या मागे लिहून आणलंय मी:
सावद्याचा साखरपुडा, साठ माणसं, पत्र्याचा हॉल.
थंडीत आसोद्याच्या मळ्यात भरीत पार्टी,
वर उघडं आभाळ, वीज पंपाच्या मीटरवरून.
रविवारी चर्च, तिथले पास्टर म्हणतात, बेस जरा कमी,
आणि बघतात कीबोर्डकडे.
रात्री अकरानंतर घर.
हेडफोनला भोक हवंच. भिंतीपलीकडे सपकाळे सर,
त्यांची बीपीची गोळी माझ्याच दुकानातून जाते.

अय्युब आठ इंची लावून देतो.
मी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवते.
पाहुण्यांनी निरोप पाठवावा, स्वतः येऊ नये,
तसा येतो खालचा सूर.
दहा इंची: दारापर्यंत येतो, चपला काढत नाही.
मग बारा इंची.
पंखा बंद करा, मी म्हणते.
दोघं माझ्याकडे बघतात. मे महिना.
पंखा थांबतो. कानामागून घाम.
तार सोडली
आणि काचेतल्या खंजिऱ्यांच्या झांजा आपोआप शहारल्या,
अय्युबने पोटावर हात ठेवला
भरपेट जेवलेल्या माणसासारखा.

हा. किती किलो?
टेकचंदानी वाकून मागचं स्टिकर वाचतात, साडेअकरा.
आतलं चुंबक वेगळ्या धातूचं, मॅडम, हलकं,
त्याचेच पैसे आहेत.
मला हसू येतं.
मी केळीच्या गावातली, रावेरकडची.
आमच्याकडे घड काट्यावर चढला की भाव,
आणि इथे जे नाही त्याचे मोजायचे.

पैसे नाही दिले लगेच.
उचलला, दोन मजले खाली उतरले, पुन्हा वर आले.
वळणावर थांबले सवयीने.
थांबायची गरज नव्हती.
कडी एकच, वर, मधोमध.
दुसरी चाचपायला हात गेला
तर तिथं नुसतं काळं कापड.

एसटीत मांडीवर घेऊन बसले.
अमळनेरकडचा कंडक्टर वाकून म्हणाला,
हाई काय शे ताई, मिक्सर?
हो म्हटलं. लगेजचं तिकीट फाडलं नाही त्याने.
मोकळ्या हाताला काहीतरी हवं
म्हणून स्टँडवर दोन किलो कैऱ्या घेतल्या होत्या,
पिशवी बोटांत रुतत होती, बरं वाटत होतं.

एलियासला फोटो पाठवला.
वजन? त्याने विचारलं.
साडेअकरा.
बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत राहिलं,
नशिराबाद मागे पडलं.
मग आलं:
आणि चौतीस कुणाला देणार?

भुसावळ येईपर्यंत
मी कैऱ्या मोजल्या. तेरा भरल्या.
एक मऊ निघाली.