अकरा काप

मी कापायचो.
एकतीस वर्षं एवढंच माझं काम:
मेणात बसवलेला मांसाचा तुकडा,
त्याचे तीन मायक्रॉनचे काप,
कोमट पाण्यावर अलगद सोडायचे
आणि सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचे.
माणूस कोण ते ठोकळ्यावर नसतं. आकडा असतो.

निरासावा सरांनी आकडा दिला.
म्हणाले, सोएदा, यातले अकरा काढ.
काढले.
लेबलं त्यांनी लावली, रात्री, स्वतःच्या हातानं.
एवढा मोठा प्राध्यापक लेबलं चिकटवतोय
हे मला दिसलं.
दिसलं, आणि मी चहा ओतून घेतला.

डॉक्टर उगाकी आली त्या हिवाळ्यात
बंदरातल्या होड्या बर्फाखाली ओळखू येत नव्हत्या.
बुटकी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे,
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून भाताचे गोळे खाणारी.
तोकुजिरोची काच लावली आणि तिचं चावणं थांबलं.
"हा साके गाळणारा ना? चाळीस वर्षं रोज पिणारा?
मग याला इतकं कोवळं काळीज कुणी दिलं?"

मी म्हणालो, औषध चांगलं असेल.
सांधेदुखीच्या त्या नव्या गोळ्या,
ज्यांच्या चाचणीतली अकरा माणसं
एकापाठोपाठ एक हळदीसारखी पिवळी पडून गेली.
कागदावर मात्र कुणी न्यूमोनियानं, कुणी वयानं.
यकृतं ठणठणीत. काचा साक्षीला.

रात्री तिनं अकराही काचांचे फोटो छापले,
कडा जुळवून गठ्ठा केला
आणि अंगठ्याखालून भर्रकन सोडला.
शाळेत वहीच्या कोपऱ्यात
आम्ही असाच घोडा पळवायचो.

शीर हलली.
पहिल्या मेलेल्यात मिटलेली,
चौथ्यात किलकिली,
अकराव्यात आ वासलेली.
जांभळ्या-गुलाबी मांसात एकच शीर
काहीतरी बोलायला तोंड उघडत होती.

"वेगळ्या माणसांचं चित्र पळत नाही, सोएदासान.
पळतंय, म्हणजे घोडा एकच."

मग तिनं ठोकळ्याचा आकडा विचारला.
सांगायला नको होता. सांगितला.
ती खिडकीतून बर्फ ओढणारं यंत्र बघत राहिली,
रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि ते परत येईपर्यंत.

नऊ वर्षांपूर्वी, याच इमारतीत,
भावासाठी तिनं यकृताचा तुकडा काढून दिला होता.
भाऊ होक्काइडोत बटाटे लावतो,
दर शरदात पेटी पाठवतो.
तेव्हा घेतलेला नमुना, नखाएवढा,
मेणात ठेवला होता, आकडा घालून.
तिला तो पाठ होता, माहेरच्या फोनसारखा.
सरांनी कपाटातलं सगळ्यात निरोगी काळीज निवडलं.
कुणाचं ते बघितलं नाही.

आमच्याकडे धीट माणसाचं यकृत
ठाम बसलेलं आहे असं म्हणतात.
तिचं थोडं बटाट्यांच्या शेतात,
थोडं अकरा अनोळखी मरणांत,
आणि उरलेलं असं बसलेलं, की हलेना.
माझं अख्खं, शाबूत,
आणि एकतीस वर्षं उभंच.

सरांचा फोन आला: तो ठोकळा वितळव.
मेणाला साठ अंश पुरतात.
भांडं तापलेलंच होतं.

मी ठोकळा यंत्राला लावला.
चौकशीची माणसं ओल्या बुटांनी भिंतीशी उभी,
त्यांच्यामागे तोकुजिरोची हात्सुए, पिशवी छातीशी धरून.
उगाकी दारात,
एक हात बरगडीखालच्या जुन्या व्रणावर.
चाक फिरवलं.
बारावा काप पाण्यावर पसरला.
सुरकुती पडली, पहिल्यांदाच. पडू दिली.

या वेळी लेबल मी लिहिलं, पेन्सिलीनं:
वर तिचं नाव,
खाली, कापणारा, सोएदा.
म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता येईल
एवढ्या मोठ्या अक्षरात.