मारुतीच्या कुठवर

पहिल्या अहवालात लिहिलं होतं: विसर्ग क्युसेकमध्ये,
पातळी मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत.
भांडीबाजारात केरू तांबटांनी कागद उलटसुलट केला,
"म्हणजे मारुतीच्या कुठवर, बाई?"

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले.
दुतोंड्याचे घोटे, गुडघे, कंबर.
फुलवाल्याचा पोरगा खालचं टोक धरून,
बोटं शेंदरी.

सव्वीस वर्षं झाली.
धरणावरून आकडा येतो,
मी तो अंगावर उतरवते,
घाटावर निरोप जातो: कंबर, पहाटे चारला.
पातेली माळ्यावर चढतात.

डोक्याच्या वर मोजायला अंग नाही.
तिथे माझ्या आलेखात तुटक रेघ आहे,
कुणाला न दाखवलेली.
काल केरूनानांनी पाहिली.
चष्मा पुसला,
सुताराला फोन लावला:
अजून एक माळा, याच्याही वर.