दोन सूत

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत
आमच्या पडद्याआडच्या काचेवर अरबीत लिहिलंय:
पुरुषांना प्रवेश नाही.
फलटणला आप्पांच्या दुकानात उलटी पाटी नव्हती,
गरजच नव्हती.
बाईनं उंबऱ्याशी डबा ठेवायचा नि निघायचं.
मी रेंगाळायचे.
केसाला लावण्याआधी ते कात्री हवेत दोनदा वाजवत,
चक् चक्,
कोंबड्यांना बोलवावं तशी.
तेवढंच शिकून मी बहारीनला आले.
बाकी सगळं मारिसेलनं शिकवलं.

आज दुपारी वैजयंती मोहोळकर आल्या.
ॲल्युमिनियमच्या कंपनीत हिशेब बघतात.
कमरेखाली वेणी.
समुद्र गोडा करून नळाला सोडतात इथं,
त्या पाण्याला अकरा वर्षं पुरून उरलेली.
डोकं धुवायला वीस लिटरचा जार वेगळा मागवते, म्हणाल्या,
नवऱ्याला वाटतं चहासाठी.

फोन पुढं केला.
फोटोतली मुलगी कुठल्यातरी कोरड्या, थंड गावची.
कपाळावरून एक बट तिरकी निघून
गालफडाशी थांबलेली,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.
असं हवंय. पण लांबी तशीच.
मागं हात लावू नका, गावी कळायला नको.
ताई, पुढचंच तर दिसतं, मी म्हटलं.
ते कळू दे, त्या म्हणाल्या.

भांग मी कंगव्यानं पाडत नाही.
केस ओले करून सोडून देते,
कुठं फुटतात ते बघते.
उजव्या कोपऱ्यात छोटा भोवरा निघाला.
दोन भोवरे, दोन लग्नं, त्या हसल्या,
आई न्हाऊ घालताना म्हणायची.
एकच झालं.
भोवऱ्याशी भांडून पाडलेली बट
ऑगस्टात दारापासून गाडीपर्यंतसुद्धा टिकत नाही.
म्हणून डावीकडं.

चिमटीएवढा त्रिकोण घेतला, अर्धा वाळवला.
ओला केस बोटभर लांब दिसतो,
मग वाळून वर चढतो आणि गिऱ्हाईक रडतं.
पहिला काप नाकाच्या शेंड्याशी.
पुढं कात्री उभी धरून नुसती टोकं कुरतडायची,
भुवईपासून कानाच्या पाळीपर्यंत
घाटासारखी उतरण.
त्यांनी डोळे घट्ट मिटलेले.
उघडले तेव्हा मांडीवरचे केस उचलून म्हणाल्या,
एवढेच?
एवढेच.
मग गोल ब्रशवर गुंडाळून आधी उलटा वारा,
मग सुलटा, मग गार.
गार विसरायचा नाही. सगळं त्यावरच धरून असतं.

आरशात त्यांनी मान हलवली,
बट डोळ्यावर आली.
फुंकर मारली. पुन्हा आली.
तिसरी फुंकर गरज नसताना मारली,
ते मी पाहिलं.
दारात वेणी पुढं घेतली,
मग मागं टाकून दिली.

रात्री मारिसेल झाडत होती,
सुपलीत काळे, मेंदीचे, रंगवलेले, सगळे एकत्र.
मी आरशापुढं कात्री हवेत वाजवली,
चक् चक्,
आणि माझ्याच कपाळावर तीच उतरण पाडली.
फोटो आप्पांना पाठवला.
का, ते मला विचारू नका.
दुकान विकून सहा वर्षं झाली.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय.
केसांविषयी आम्ही कधी बोललेलो नाही;
पैसे पोचले, गॅस आणला, तब्येत बरी,
एवढंच असतं.

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा.
मग उत्तर:
डाव्या अंगाला दोन सूत जास्त आहे.

पट्टी नव्हती. बोटात धरून मोजलं.
आहे.
आण, मी सारखं करते, मारिसेल म्हणाली.
नको म्हटलं,
आणि दिवे मालवले.